आधी नाव तर विचारा!

कबुली देऊन टाकते. मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी मी माझ्या गॅलरीत सहा जणांचा खून केला. टिश्यू पेपरमध्ये धरून, शांत डोक्याने, एकेक करून. वर त्यांचा फोटो काढून 'मिशन अकम्प्लिश्ड' असं स्टेटसही टाकलं! आणि संध्याकाळी कळलं, की सहाच्या सहा जण निर्दोष होते. नुसते निर्दोष नाही हो, माझ्याच बाजूने लढत होते बिचारे!

सांगते सगळं, पण त्याआधी जास्वंदीबद्दल सांगायला हवं.

वाईचं आजीचं घर गेल्या वर्षी विकलं. घर विकलं की आठवणींची वाटणी होते. दादाने पितळी घंगाळ नेलं, ताईने पाट नेले, धाकट्या चुलतभावाने आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ नेलं. मी परसातल्या जास्वंदीची एक फांदी तोडून आणली. लाल, पाच पाकळ्यांची, आजी रोज गणपतीला वाहायची तीच. ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन आणलेली ती फांदी माझ्या टू बीएचकेच्या चार बाय आठच्या गॅलरीत चक्क जगली. पहिलं फूल आलं तेव्हा मी ऑफिसला अर्धा तास उशिरा गेले होते. कारण विचारलं तर काय सांगणार? 'ट्रॅफिक' म्हणून मोकळी झाले.

तर त्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला. पानं चिकट झाली, मग त्यांच्यावर काजळी धरली. कुंडीवरून मुंग्यांची शिस्तीत लाईन. शेजारच्या कढीपत्त्याच्या काड्यांवरही बारीक तपकिरी टिकल्या चिकटलेल्या. मी दोन्हींचे फोटो काढले आणि कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेले.

नर्सरीवाल्याने मोबाईलच्या स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिलं. 'मिलीबग आहे मॅडम. हे मारा.' एक छोटी बाटली पुढे आली.

'आणि हा कढीपत्ता?'

'तेच आहे. हेच मारा.'

घरी येऊन बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. औषध झाडाच्या अंगात भिनणारं होतं. म्हणजे पानातही जाणार. कढीपत्त्याची तीच पानं रोज आमच्या फोडणीत! बाटली कपाटावर ठेवली आणि 'तोवर हातानेच काढू' म्हणून कामाला लागले. तेव्हाच ते सहा जण सापडले. इतर मिलीबगपेक्षा मोठे, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, आणि चांगले पळत होते. मी म्हटलं, हे नक्की यांचे म्होरके! आधी यांना उडवा. उडवले.

'अगं, हा मिलीबग नव्हे!'

संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. कृषी महाविद्यालयात आयुष्यभर कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एरवी आमचं बोलणं 'काय, पाऊस काय म्हणतो?' यापलीकडे जात नाही. पण माझ्या हातात जास्वंदीची किडकी फांदी होती आणि काकांचे डोळे चमकले.

'बघू गं.' खिशातून त्यांनी चक्क भिंग काढलं. लोक खिशात पेन ठेवतात, काका दहापटीचं भिंग ठेवतात!

मी अभिमानाने सकाळचा फोटो दाखवला. काका गप्पच झाले. मग म्हणाले, 'हे पळत होते का?'

'हो काका, पटापट.'

'मिलीबग कधी पटापट पळतो का? अगं, हा मिलीबग नव्हे. मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची अळी आहे ही. लेडीबर्ड म्हणता ना तुम्ही, त्यातलाच. तू पोलीस मारलेस आणि चोर ठेवलेस.'

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

मग कळलं, की ही फसगत माझी एकटीची नाही. या ढालकिड्यांमधला सगळ्यात नावाजलेला म्हणजे क्रिप्टोलिमस माँट्रोझिएरी, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो 1898 सालीच मुद्दाम आणला गेला, झाडांवरचे हेच किडे खायला. त्याच्या अळीच्या अंगावर मिलीबगसारख्याच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असतात. आपण गाढवाने वाघाचं कातडं पांघरल्याची गोष्ट ऐकलीय, इथे वाघच गाढवाचं कातडं पांघरून कळपात शिरलाय! आणि माझ्यासारखी कुणीतरी टिश्यू पेपर घेऊन येते.

'म्हणजे मी मारले ते क्रिप्टोलिमस होते?' मी विचारलं.

'ते आता कसं सांगू? आपल्याकडचे दुसरे छोटे ढालकिडेही असेच दिसतात अळी असताना. मोठे झाले असते तर सांगितलं असतं.' काकांच्या आवाजात राग नव्हता. पण 'मोठे झाले असते तर' हे शब्द मला चांगलेच लागले.

टिकली उचलून बघा

दुसऱ्या दिवशी रविवार. काका भिंग आणि सुई घेऊन आमच्या गॅलरीत हजर. मी चहा टाकला, आणि शाळेत कधी नव्हे एवढं लक्ष देऊन ऐकलं.

पहिली गोष्ट म्हणजे जास्वंदीवरचा कापूस आणि कढीपत्त्यावरच्या टिकल्या एकाच मोठ्या खानदानातल्या. इंग्रजीत त्यांना स्केल इन्सेक्ट म्हणतात, आपल्याकडे खवले कीड. जगभरात यांच्या आठ हजारांवर प्रजातींची नोंद झालीय. सगळ्यांचा धंदा एकच, सोंड खुपसून झाडाला शोषणं. पण या खानदानातली घराणी वेगवेगळी, आणि घराणं कुठलं हे कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

आपल्या कुंड्यांपुरती तीन घराणी लक्षात ठेवली तरी पुष्कळ. एक, पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग. अंग मऊ, वर पीठ भुरभुरल्यासारखं मेण, पाय शाबूत, हळूहळू चालू शकतो. दोन, मऊ खवले. फुगीर टिकलीसारखे दिसतात आणि ती टिकली म्हणजे त्यांची स्वतःची पाठच असते. तीन, चिलखती खवले. यांची टिकली म्हणजे मेण आणि टाकून दिलेली कात यांचं झाकण, अंगापासून वेगळं. हेल्मेट घालून बसल्यासारखं! या घराण्यातली मादी पहिल्यांदा कात टाकते तेव्हाच पाय गमावते. मग आयुष्यभर एकाच जागी. बदली नाही, ट्रान्सफर नाही.

काकांनी कढीपत्त्याच्या काडीवरच्या एका टिकलीच्या कडेला सुई घातली आणि हलकेच वर केली. झाकण सुटून आलं, खाली पिवळसर, लिबलिबीत, चपटा जीव तसाच बसलेला.

'झाकण वेगळं आलं, म्हणजे चिलखतवाली. सगळं एकदम उचलून आलं असतं आणि खाली काहीच राहिलं नसतं, तर मऊ खवले. एवढी एक टेस्ट केली असती ना, तर त्या नर्सरीवाल्याने दोन्ही झाडांना एकच बाटली दिली नसती.'

का? तर त्यांचं जेवण वेगळं. मिलीबग आणि मऊ खवले झाडाच्या साखरवाहिन्यांमधला गोड रस पितात. तो इतका पितात की जास्तीची साखर मागून बाहेर टाकतात. तोच पानांवरचा चिकटपणा. त्यावर काळी बुरशी चढते, आणि त्याच साखरेसाठी मुंग्या येतात. मुंग्या नुसत्या पाहुण्या नाहीत हं, बॉडीगार्ड आहेत! शत्रू आला तर त्याला हाकलतात, बदल्यात गोड खाऊ घेतात. चिलखती खवले मात्र साखरवाहिन्यांच्या वाटेला जात नाहीत. ते पेशी फोडून आतला ऐवज खातात. त्यामुळे तिथे चिकटपणा नाही, काजळी नाही. आणि रसातून पसरणाऱ्या बऱ्याच औषधांचा यांच्यावर नीट परिणामही होत नाही. म्हणजे मी ती बाटली कढीपत्त्याला घातली असती, तर किडे राहिले असते मजेत आणि औषध गेलं असतं आमच्या आमटीत!

मला अक्षरशः घाम फुटला.

नवऱ्याला तोंडच नाही

यांचं ओळखपत्र बनवणं फार कटकटीचं असतं, काका सांगत होते. कारण बघा, ज्याच्याकडे पाहून ओळखायचं त्याच्याकडे पाहण्यासारखं काहीच नसतं. मादीला पंख नाहीत, बऱ्याचदा पायही नाहीत. नर मात्र एकदम वेगळा. दोन पंखांचा, नाजूक, चिलटासारखा. पण मोठ्या झालेल्या नराला तोंडच नसतं. खाणं नाही, पिणं नाही, एखाद-दोन दिवस जगायचं, बायको शोधायची आणि संपायचं. (मैत्रिणींनो, शेरेबाजी नको. मी काही बोलले नाही.) नवरा-बायको एका जातीचे आहेत हे शेजारी ठेवूनही कळणार नाही, इतका फरक. आणि नर फारसे हातीच लागत नाहीत. त्यामुळे या किड्यांची वर्गवारी मुख्यतः मोठ्या माद्यांवरून केली जाते.

तीही नुसती बघून नाही. मादी पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात ठेवून आतलं सगळं विरघळवायचं. उरलेली पारदर्शक कातडी स्वच्छ करायची, रंगवायची, काचपट्टीवर चपटी करून कॅनडा बाल्समच्या डिंकात कायमची बसवायची. मग मायक्रोस्कोपखाली मेण सोडणारी छिद्रं आणि नळ्या मोजायच्या, केस मोजायचे, अँटेनाचे पेर मोजायचे. चिलखतवाल्यांच्या शेपटाकडच्या टोकाला दातेरी कडा असते, ती प्रत्येक प्रजातीची वेगळी. अक्षरशः फिंगरप्रिंट. हल्ली डीएनए तपासूनही मदत होते, पण ही काचपट्टी अजून सुटलेली नाही.

'एवढा उपद्व्याप कशासाठी काका? किडा तो किडा. मारून टाकायचा.'

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. 'साबुदाण्याची खिचडी आवडते ना तुला?'

खिचडीमागची गोष्ट

आपला साबुदाणा येतो टॅपिओकाच्या कंदापासून. त्यालाच कसावा म्हणतात. त्याचं मोठं केंद्र तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास आहे. आपल्याला तो चतुर्थीला लागतो. आफ्रिकेतल्या कोट्यवधी माणसांना मात्र तो रोज लागतो. तिथे कसावा म्हणजे आपली भाकरीच.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोच्या खोऱ्यात कसाव्याच्या शेंड्यांवर एक गुलाबी मिलीबग दिसायला लागला. शेंडे चुरगळले, कंद भरेनात. कीड एका देशातून दुसऱ्या देशात पसरत गेली. हा कोण, हेच कुणाला माहीत नव्हतं. 1977 मध्ये पॅरिसच्या दानिएल मातिल-फेररो या बाईंनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव मिळालं, फिनाकॉकस मॅनिहोटी.

नाव मिळालं, पण घर कुठलं? कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे किडाही तिथलाच असणार, आणि त्याला खाणारेही तिथेच असणार. शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर अगदी असाच मिलीबग सापडला. सगळे खूश! त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या माश्या पकडल्या, आफ्रिकेतल्या किड्यावर सोडून पाहिल्या. आणि काहीच होईना. माश्या त्याच्याकडे ढुंकून बघेनात.

चूक कुठे झाली होती? काचपट्टीवर. म्हणजे काचपट्टी नीट पाहिल्यावर कळलं, की हा तो नव्हेच! दिसायला सख्खा भाऊ, पण प्रजाती निराळी. 1981 मध्ये त्याला स्वतःचं नाव मिळालं, फिनाकॉकस हेरेनी. चुकीच्या माणसाच्या घरावर पहारा ठेवल्यासारखं झालं होतं सगळं.

मग शोधाची दिशा बदलली. त्याच 1981 मध्ये अँथनी बेलॉटी या शास्त्रज्ञांना खरा मॅनिहोटी सापडला तो थेट पॅराग्वेत. तिथून त्याच्यावर वाढणारी अनागायरस लोपेझी नावाची इवलीशी माशी मिळाली. मिलीमीटर-दोन मिलीमीटरची असेल. नायजेरियात ती वाढवली, त्याच वर्षाच्या अखेरीपासून सोडायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काही वर्षांत वीसहून अधिक आफ्रिकी देशांत ती पोचली. मिलीबग आटोक्यात आला. ही मोहीम चालवणाऱ्या हान्स हेरेन यांना 1995 चा वर्ल्ड फूड प्राईझ मिळाला.

'आणि 2020 मध्ये,' काका म्हणाले, 'तोच किडा केरळात त्रिशूरला सापडला. मग तमिळनाडूत. तुझ्या खिचडीच्या शेतात. पण या वेळी नाव माहीत होतं, म्हणून औषधही माहीत होतं. बेंगळुरूच्या संस्थेने तीच माशी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून मागवली आणि 2022 मध्ये तमिळनाडूत सोडली. आफ्रिकेला औषध सापडायला वर्षं लागली. आपल्याला ते कागदावर लिहिलेलं मिळालं.'

मी आजवर उपासाला खिचडी खाताना शेंगदाणे कमी पडले म्हणून तक्रार केली होती. या अंगाने कधी विचारच केला नव्हता.

चुकून आलेला पाहुणा

ओळख चुकली की प्रत्येक वेळी नुकसानच होतं असंही नाही. कधीकधी गंमतही होते.

'किरमिजी' हा रंग तुम्हाला माहीत असेल. पैठणीच्या दुकानात हमखास ऐकू येणारा शब्द. तो आलाय फारसी-अरबीतून. तिकडचा 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चा चुलतभाऊ. म्हणजे किरमिजी या नावातच किडा आहे! ओक झाडावरच्या खवले किडीपासून हा लाल रंग काढायचे. पुढे मेक्सिकोहून त्याहून झकास लाल रंग देणारी कीड युरोपला मिळाली. ती निवडुंगावर वाढते, नाव कॉचिनील. आजही काही लिपस्टिकमध्ये आणि खाण्याच्या पदार्थांत हा रंग असतो, पाकिटावर 'ई 120' लिहिलेलं दिसतं. आणि हो, आपली लाख, म्हणजे लाखेच्या बांगड्या, ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या, तीही खवले किडीचीच देणगी. हे खानदान अगदीच वाया गेलेलं नाही.

तर ईस्ट इंडिया कंपनीला वाटलं, हा लाल रंग भारतातच पिकवावा. 1795 मध्ये ब्राझीलहून किडे कोलकात्याला आणले गेले. निवडुंगावर सोडले. ते वाढले, भरपूर वाढले, पण रंग काही मनासारखा मिळेना. कारण ते खरे कॉचिनील नव्हतेच. त्यांचे जंगली भाऊबंद होते. धंदा बुडाला. पण या भावाने एक भलतंच काम केलं. माजलेल्या निवडुंगाची एक जात तो खात सुटला. हे पाहून पुढे दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत त्याला मुद्दाम नेलं. तण मारायला किडा वापरण्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण मानतात. बाहेरगावी भलत्याच पत्त्यावर उतरावं आणि तिथेच नोकरी लागावी, तसं झालं!

पण त्यातही मेख होतीच. तो किडा निवडुंगाची एकच जात खायचा, दुसऱ्या जातीला तोंड लावायचा नाही. तिच्यासाठी 1926 मध्ये त्याचा आणखी एक भाऊ आणावा लागला. पुन्हा तेच. किडा कुठला आणि झाड कुठलं, दोन्ही नावं बरोबर असतील तरच गणित सुटतं.

माझ्या जास्वंदीवर कोण होतं?

आता मुद्द्याचं. भिंगाखाली माझ्या जास्वंदीवरच्या किड्यांच्या पाठीवर पिठाच्या थरात काळसर रेघांच्या जोड्या दिसल्या. काकांचा अंदाज होता फिनाकॉकस सोलेनॉप्सिस. याचं पहिलं वर्णन 1898 चं, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधलं. आणि 2005 नंतरच्या दोन-तीन वर्षांत पाकिस्तान आणि भारतातल्या कापसावर ज्याने हाहाकार केला, तो हाच. तेव्हाही आधी नावाचाच घोळ झाला होता. कुणी एक म्हणे, कुणी दुसरं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने घोळ मिटवला. त्यातून कळलं की ही एकच प्रजाती ऋतूप्रमाणे थोडी वेगवेगळी दिसते! उन्हाळ्यातला पासपोर्ट फोटो आणि हिवाळ्यातला जुळत नाही म्हणून माणसं दोन समजावीत, तसं.

विदर्भातला माझा एक कलीग त्या वर्षांत शाळेत होता. कपाशीवर 'पांढरा रोग' आला म्हणून वडील फवारणीवर फवारणी करत होते, एवढं त्याला आठवतं. मला गॅलरीतल्या एका कुंडीचं दुःख. त्याच्याकडे अख्खं शेत होतं.

'काका, पण खात्री आहे ना? हाच?'

'भिंगातून अंदाज. खात्री काचपट्टीनंतर.' आणि मग त्यांनी जे म्हटलं ते मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. 'माहीत नाही म्हणायला लाजायचं नाही. चुकीचं नाव सांगायला लाजायचं.'

ऑफिसमध्ये कितीदा उलटं करतो आपण! मीटिंगमध्ये प्रॉब्लेम नीट ऐकून घ्यायच्या आधीच सोल्यूशनची स्लाईड तयार. नर्सरीवाल्याला मी काय म्हणून नावं ठेवू? दोन सेकंदांत उत्तर मलाच हवं होतं.

तुमच्या कुंडीत कोण आहे?

वीकेंडला दहा मिनिटं काढा. एक साधं भिंग, एक सुई, थोडी चिकटपट्टी.

चिकटपणा आणि काजळी आहे? मग मिलीबग, मऊ खवले, नाहीतर मावा, पांढरी माशी यांच्यापैकी कुणीतरी. मुंग्यांची वाट आधी तोडा. बॉडीगार्ड गेले की बाकीचं सोपं होतं.

नुसत्या टिकल्या, चिकटपणा नाही? सुईने उचला. झाकण वेगळं आलं तर चिलखतवाले. जुना टूथब्रश घेऊन हलक्या हाताने घासा. मेलेल्या टिकल्याही झाडाला चिकटून राहतात, म्हणून दाबून बघा. ओलं निघालं तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर काम झालंय.

औषध मारायचंच तर कधी? अंड्यातून निघालेली पिल्लं पाय असताना एखाद-दोन दिवस रांगत फिरतात, तेव्हा ती सगळ्यात कमकुवत असतात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी काडीला गुंडाळा. तिच्यावर बारीक पिवळट ठिपके अडकले की समजा, पिल्लं निघाली. तेव्हा साबणाचं सौम्य पाणी किंवा निंबोळी तेलही पुष्कळ काम करतं. मेणाचं चिलखत चढल्यावर मारलेलं औषध बरंचसं वाया जातं.

गुलाबी किडे, जास्वंदीचे शेंडे चुरगळून गुच्छ झालेले? तो बहुधा निराळा, मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस. याचं पहिलं वर्णन 1908 मध्ये भारतातूनच झालं. असा शेंडा कापून पिशवीत बंद करून टाका.

आणि पांढरं, झिपरं, मोठं काही पटापट पळताना दिसलं, तर हात जोडा. टिश्यू पेपर खाली ठेवा.

जास्वंदीचं काय झालं?

खोटं सांगत नाही. अर्धी गेली. किडलेले शेंडे काकांनी स्वतः कापले, माझ्याच्याने कापवेना. खोडाला खालून बोटभर हिरवा भाग उरला होता. मुंग्यांची वाट बंद केली, रोज सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं, बाटली अजून कपाटावर सीलबंद आहे. कढीपत्त्याला टूथब्रश मारला, तो आता ठणठणीत. फोडणी सुरक्षित.

परवा सकाळी जास्वंदीच्या खोडावर दोन कोवळी पानं दिसली. आणि त्यातल्या एका पानाखाली, उरल्यासुरल्या कापसाच्या शेजारी, एक पांढरं झिपरं पोरगं. पटापट पळत होतं.

मी फोटो काढला नाही, स्टेटसही टाकलं नाही. चौथ्या मजल्यावर फोन केला. 'काका, एक आलाय. आता तो मोठा झाला की त्याचं नाव सांगाल ना?'

'आधी मोठा तर होऊ दे!' काका म्हणाले.

ऑफिसला त्या दिवशी पुन्हा अर्धा तास उशीर झाला. या वेळी कारण विचारलं तेव्हा खरं सांगून टाकलं. बॉसने भुवया उंचावल्या, मग हळूच मोबाईल पुढे केला. 'आमच्या तगरीवर हे काय आलंय गं?'

मी दोन सेकंद नाही, चांगली दोन मिनिटं बघितलं. आणि म्हटलं, 'माहीत नाही. सुई आहे का घरी?'